मुकी चौकट

एइनो साल्मेलाला आमच्या थंडर बे शहरात कुणीही काम सांगावं, तो नाही म्हणणार नाही. कागदाच्या गिरणीत तीस वर्षं वायरमन होता. गिरणी बंद पडल्यापासून लोकांचे हीटर आणि कॉम्प्युटर फुकटात दुरुस्त करतो. माणूस लाखमोलाचा, पण भलं करायच्या घाईत समोरच्याला विचारायचं राहून जातं. मी हे त्याला तोंडावर सांगते. त्याने कॉम्प्युटरसाठी एक प्लगिन, म्हणजे जोडप्रोग्राम केलाय, त्याची माहितीपुस्तिका मीच लिहिते, तेवढा हक्क आहे माझा.

हे प्लगिन त्याने डार्लीन पेल्टिएसाठी केलं. डार्लीनला दिसत नाही. तिचा कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवतो, आणि एइनोच्या प्लगिनमुळे तो एका कंपनीच्या गोड, माणसासारख्या आवाजात वाचतो. प्लगिन खुलं आहे, कुणीही उघडून बघावं, बदलावं. कंपनीचा आवाज मात्र कुलूपबंद फाईल. असे खुले प्रोग्राम करून वाटणाऱ्या आमच्या मंडळींचा दंडक असा, की खुलं ते आपण वाटायचं आणि कुलूपबंद ते ज्याचं त्याने कंपनीकडून घ्यायचं, तिच्या अटी मान्य करून. एइनोला ही नसती कटकट वाटली. त्याने कंपनीची फाईल गुपचूप प्लगिनमध्येच कोंबली. 'एक बटण दाबा, कसलेही प्रश्न नाहीत,' असं मीच मोठ्या तोऱ्यात पुस्तिकेत लिहिलं. तीन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. हजारभर लोकांनी ते घेतलं.

मार्चमधल्या एका बुधवारी सकाळी विनिपेगहून ओवेनचा निरोप आला. आमच्या मंडळींच्या संग्रहात काय ठेवायचं, काय काढायचं ते ओवेन बघतो. 'यात दुसऱ्याची बंद फाईल आहे. ती वाटायची परवानगी कुठाय? बारापर्यंत काढा, नाहीतर प्लगिनच बाहेर.'

मी धावतच एइनोकडे गेले. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता, कॉफी निवून गेलेली.

"एकदा बाहेर काढलं की दोन वर्षं आत घेणार नाहीत, लोर्ना," तो म्हणाला. "आणि आजच डार्लीनची परीक्षा आहे."

ते मलाही ठाऊक होतं. शहराच्या बर्फ हटवणाऱ्या गाड्यांच्या कचेरीत ती फोन घ्यायची, कुठली गाडी कुठे पाठवायची ते ठरवायची. सहा महिने उमेदवारी झाली होती. आज एक वाजता तिचा साहेब वॉलेस शेजारी बसून तिचं काम बघणार होता, आणि त्यावर नोकरी राहणार की जाणार ते ठरणार होतं.

एइनोने फाईल उपटून काढली. आता प्लगिन अटींची चौकट दाखवेल, माणूस हो म्हणेल, मग आवाज थेट कंपनीकडून येईल. आम्ही दोघांनी ते तीनदा तपासलं. बाराला पाच कमी असताना त्याने ते चढवलं. ओवेनने लगेच मान्य केलं. मी सुटकेने गुलाबी लेपाच्या पर्शियनचा, म्हणजे इथल्या गोड पावाचा, तुकडा तोंडात टाकला.

तेवढ्यात मला एक शंका आली.

"एइनो, जुना आवाज जातो कधी?"

"सगळ्यात आधी. मग चौकट येते."

"मग ती चौकट वाचून कोण दाखवणार?"

आवाज गेलेल्या कॉम्प्युटरवर मुकी चौकट, आणि तिच्यापुढे डोळ्यांनी न दिसणारं माणूस! तीनदा तपासलं होतं, पण डोळ्यांनी. आणि डार्लीनचा कचेरीतला कॉम्प्युटर नवीन ते आपोआप घ्यायचा, रोज बाराला.

ती फोन उचलेना. एइनोने गाडी काढली. रस्त्यावर बर्फाचा चिखल झालेला, पुढे लाकडाचा ट्रक. मी इतकी घाबरले होते की त्याच्यावरच खेकसले, "अरे, काढ ना पुढे!"

तिच्या कचेरीत पोचलो तेव्हा एक वाजायला सात मिनिटं होती. डार्लीन ताठ बसली होती, दोन्ही हात कीबोर्डवर. वॉलेस मागे उभा होता.

"पाऊण तास झाला, कॉम्प्युटर मुका झालाय," ती म्हणाली.

"माझी चूक आहे," एइनो म्हणाला. "नुसतं हो म्हणायचंय. दाबतो मी."

तिने त्याचं मनगट पकडलं. "थांब. काय लिहिलंय ते वाच आधी."

"अगं, वेळ कुठाय? सगळे हो म्हणतात."

"वाच म्हणते ना!"

तो वाचू लागला. चौथ्या कलमावर त्याची जीभ अडखळली. हा आवाज फक्त घरगुती वापरासाठी होता. नोकरीच्या कामासाठी वापरायला सक्त मनाई होती.

वॉलेसने घसा खाकरला. "म्हणजे सहा महिने आमच्या कचेरीत..."

"नको दाब," डार्लीन म्हणाली.

एइनोने 'नको' दाबलं. कॉम्प्युटर आपल्या मूळच्या खुल्या आवाजावर गेला, पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारख्या. तिने तो वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. एक वाजता फोन सुरू झाले. पहिल्या दोन पत्त्यांना तिने "पुन्हा सांगता का?" म्हटलं. तिसऱ्याला गाडी चुकीच्या रस्त्यावर गेली. मग तिच्या कानाला सवय झाली आणि पुढचे अकरा फोन तिने सटासट उरकले. आम्ही दाराबाहेर उभे होतो. एइनोचे ओठ हलत होते, बहुतेक तो फोन मोजत होता.

वॉलेसने उमेदवारी तीन महिने वाढवली. नोकरी गेली नाही, पण पक्कीही झाली नाही.

आम्ही तिला घरी सोडायला निघालो. एइनो सारखा माफी मागत होता. चौकट आधी वाचून दाखवेन, मगच आवाज काढेन, आज संध्याकाळीच दुरुस्त करतो, असं काय काय बोलत होता.

"ते कर," डार्लीन म्हणाली. "पण मला एक सांग. आधी ही चौकट कधी आली नाही. तीन वर्षं माझ्या नावावर हो कोण म्हणत होतं?"

एइनोने गाडी बाजूला घेतली. "मी."

"न वाचता?"

"न वाचता."

पुस्तिकेतलं 'कसलेही प्रश्न नाहीत' हे वाक्य माझं होतं, पण हे सांगायला माझं तोंड उघडेना. मग तिने पट्टा सोडला, काठी घेतली आणि म्हणाली, "इथून जाते मी चालत."