मफीसाठी मुलाखत

आखातातल्या आमच्या माहूजच्या बिल्डिंगमध्ये पुष्पाताईंना सगळेच थोडे दबकून असत. त्या एका कंपनीत एचआरला होत्या, आणि समोरच्याला खुर्चीत बसवून त्याच्या तोंडून खरं काढायची त्यांची सवय ऑफिस सुटल्यावरही सुटत नसे. लिफ्टमध्ये भेटल्या तरी "कशी आहेस?" असं बापडं विचारणं नाही. "काय करून राहिली तू सध्या?" असा अस्सल नागपुरी सवाल यायचा, आणि उत्तर पटलं नाही तर स्वतःचा मजला आल्यावरही लिफ्टचं दार अडवून उभ्या राहायच्या. एकदा माझं दूध नासलं त्यापायी.

त्यांचा दुसरा लौकिक मांजरांचा. जुलै लागला की इथले निम्मे लोक सुट्टीवर मायदेशी जातात आणि वर्षभर लाडावलेली मांजरं मागच्या पार्किंगमध्ये सोडून देतात. "आलो की घेऊ परत." त्या भट्टीत! पुष्पाताई ती मांजरं गोळा करायच्या, आणि सप्टेंबरात मालक परतले की त्यांची अशी काही पूजा बांधायच्या की आम्ही चहाचे कप घेऊन गॅलरीत ऐकायला उभे राहायचो.

मफी त्यातलीच. तिला पहिल्यांदा डॉक्टरकडे नेलं तेव्हा तिथल्या माणसानं विचारलं, मालक कोण? पुष्पाताई म्हणाल्या, मफी. लसी टोचल्यात? मफी. शेपटीचं टोक कुठंय? तेही मफी. इथल्या अरबी बोलीत मफी म्हणजे 'नाही', आणि नाव तेच पडलं. बाकीच्या मांजरांना पुष्पाताईंनी घरं शोधून दिली, मफीला मात्र कुणाकडे पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं. ती राहिली ती राहिलीच.

आता नोकरी संपून पुष्पाताईंचा व्हिसाही संपत होता. जूनमध्ये त्या नागपूरला मुलाकडे जाणार होत्या, कायमच्या. मफी म्हातारी झालेली, हृदय नाजूक, डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू नका म्हणून बजावलेलं. तेव्हा मफीला घर हवं होतं आणि आमच्या सावनीला मफी हवी होती. मध्ये फक्त पुष्पाताई होत्या.

आमच्या कन्येविषयी थोडं सांगायला हवं. वय वर्षं नऊ. पाण्याच्या बाटल्या, डबे, एका पायातला मोजा, हे सगळं ती शाळेला दान करून येते. "हिला मांजर दिलं तर तेही शाळेतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात शोधावं लागेल," असं माझा नवरा राजन म्हणाला. राजनला प्राणी फार आवडतात, टीव्हीवर. ही मुलाखतीत नापास होईल आणि विषय आपोआप मिटेल, असा आम्हा दोघांचा गुपचूप हिशेब होता.

"येऊ द्या पोरीला, पाहू," पुष्पाताई म्हणाल्या. "आईबापानं सोबत यायचं. पण तोंड मिटून."

शुक्रवारी सकाळी सावनीनं स्वतःहून केस विंचरले, तेव्हाच मला धोक्याची चाहूल लागली. पुष्पाताई जेवणाच्या टेबलापलीकडे चष्मा लावून बसल्या होत्या. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या सोफ्यावर मफी आमच्याकडे पाठ करून झोपली होती.

"मांजर काहून पाहिजे?"

"बिकॉज शी इज सो क्यूट!"

"मग दुकानातून कापसाचं आण. तू इथं कुणाच्या व्हिसावर आहे?"

"डॅडीच्या."

"आणि डॅडी?"

"कंपनीच्या."

"आणि मफी कुणाच्या राहील?"

सावनीनं बापाकडे पाहिलं. बाप पंख्याकडे पाहत होता. "माइन," ती म्हणाली.

"म्हणजे स्पॉन्सर तू. तिची घाण कोण काढेल?"

"मी."

"म्हणजे आई."

मी फिस्सकन हसले. "उल्का, तू गप," पुष्पाताई म्हणाल्या. भर मुलाखतीत मला कुणी गप बसवल्याला बरीच वर्षं झाली होती.

मग प्रात्यक्षिक झालं. मफीच्या वाळूच्या ट्रेपुढे सावनी उकिडवी बसली, नाक दाबलं आणि खोऱ्यानं निम्मी घाण पिशवीत, निम्मी फरशीवर घातली. राजनला नेमका तेव्हाच फोन आला आणि तो गॅलरीत पळाला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही. सावनीनं मात्र केरसुणी मागून घेतली आणि फरशी झाडली. घरी केरसुणी कुठं असते हे तिला आजही माहीत नसावं.

"बरं, जुलै," पुष्पाताई म्हणाल्या. "तुम्ही सुट्टीवर जाल, तेव्हा मफीचं काय?"

सावनीनं तोंड उघडायच्या आत राजन गॅलरीतून आत आला. "त्याचं काही टेन्शन नको, पुष्पाताई! तिकिटं तर आम्ही फेब्रुवारीतच काढलीत. वॉचमनला किल्ली देऊन जाऊ, रोज खाणं टाकत जाईल."

मी त्याला चिमटा काढला, पण बाण सुटला होता. मफीचासुद्धा एक कान फिरला.

"राजनभाऊ, ती काय फ्रिज आहे? बंद करून गेलं तरी चालते?" पुष्पाताईंचा आवाज चढत गेला. "सगळे सारखेच बाप्पा! वर्षभर लाड करायचे आणि बॅगा भरल्या की खलास! आजवर हेच पाहून राहिली मी. जनावराला सोडून जाताना एकाला लाज वाटत नाही, एकाला!"

"बट यू आर ऑल्सो लीव्हिंग हर!"

सावनी उभी राहिली होती, लालबुंद. आमची मुलगी मराठीत सहसा फक्त भूक लागली की बोलते, पण आता बोलली. "तू पण सोडूनच चाललीस ना, मावशी? तू तिला सांगितलंस तरी का?"

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. "सावनी! सॉरी म्हण आधी!"

"नाही म्हणणार. सगळे मलाच विचारतायत. तिला कोणीच काही सांगत नाहीये."

पुष्पाताईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. तो बराच स्वच्छ झाल्यावर म्हणाल्या, "नाही सांगितलं. हिंमतच नाही झाली." एवढ्या लहान आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्या उठल्या, गुडघे धरत सोफ्यापाशी खाली बसल्या आणि मफीच्या पाठीवर हात ठेवला.

"मफे, मी चालली वं. जूनमध्ये. तू इथंच राहशील, पण पार्किंगमध्ये नाही."

मफीनं जांभई दिली. मला रडू आलं, ते मी सरळ रडून घेतलं. राजन पुन्हा पंख्याकडे बघायला लागला.

नाक पुसून झाल्यावर पुष्पाताई परत एचआरच्या आवाजात आल्या. "पोरगी पास. प्रेम आहे म्हणून सगळेच सांगतात. मफीसाठी माझ्यावर चिडणारी ही पहिलीच. तुम्ही दोघं मात्र नापास. म्हणजे प्रोबेशनवर."

अटी स्पॉन्सरनंच, म्हणजे सावनीनं, जाहीर केल्या. जुलैत ममा आणि सावनी पुण्याला, डॅडी मफीजवळ. आम्ही परतलो की मग डॅडी. राजननं कुरकुरत तिकीट बदललं.

जूनमध्ये पुष्पाताई गेल्या. नागपूरला पोचल्या पोचल्या त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आमची विचारपूस वगैरे काही नाही. "राजनभाऊ, कॅमेरा खाली करा. वाटीतलं पाणी दाखवा. हे आजचं आहे?"

मफी आमच्याकडे नीट खाते, नीट झोपते. पण दुपार झाली की दारापाशी येऊन ओरडते, आणि दार उघडलं की जिना उतरून पुष्पाताईंच्या बंद दारासमोर जाऊन बसते. पहिल्या दिवशी मला वाटलं, सावनी तिला उचलून आणेल. बराच वेळ दोघींचा पत्ता नाही म्हणून मी पाहायला गेले. जिन्यात एसी नाही, नुसती वाफ. सावनी पायरीवर घामाघूम होऊन गृहपाठ करत बसली होती. शेजारी पाण्याची वाटी होती आणि, नवल म्हणजे, स्वतःची पाण्याची बाटलीही.

"अगं, उचलून आण की वर," मी म्हणाले. "तिला आपल्या घराची सवय नको का व्हायला?"

सावनीनं ओठांवर बोट ठेवलं. "शी इज नॉट ऑन प्रोबेशन, ममा," ती हळूच म्हणाली. "वी आर."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. मफी उठेपर्यंत आम्ही दोघी तिथंच होतो.