समोरच्या फ्लॅटमधले भाईसाब

परक्या देशात, भाषा न कळणाऱ्या शहरात भेटलेल्या दोन एकट्या माणसांचा सिनेमा माझा सर्वांत लाडका. मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत आमच्या समोर राहणाऱ्या विधुर गृहस्थांना मी त्याची गोष्ट साभिनय ऐकवायचो, दोन्ही भूमिका स्वतःच करून. अर्थात हिंदीत. आम्ही दोघेही भाडेकरू, दारांवर पाट्या घरमालकांच्या, आणि मीरा रोडला अनोळखी माणसाशी मराठीत सुरुवात करतंच कोण? ते "बढिया" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. माणूस रुक्ष आहे, असं मी ठरवून टाकलं.

मग ते कायमचे मुलीकडे निघाले. टेम्पोत चढवताना कपाट कलंडलं, तसे घाबरून म्हणाले, "हळू रे बाबा, हिच्या लग्नातलं आहे ते."

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"म्हणजे तुम्हीसुद्धा?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, मग बोलायचं नाही का? हिंदीत मला भाजी घेता येते, हिच्याबद्दल नाही बोलता येत."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ते पुढे बसले आणि सवयीने म्हणाले, "चलता हूँ, भाईसाब."