आत्याच्या गाण्यांची फ्लॉपी

काल कपाट आवरताना एक निळी फ्लॉपी सापडली. लेबलवर बाबांचं अक्षर: 'आक्काची लग्नगाणी'.

बोईसरला आमच्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हा मी कॉलेजात होते. बाबा कारखान्यात फिटर. एडवणची माझी आत्या, म्हणजे त्यांची आक्का, हळदीला जी गाणी म्हणायची ती ते एका बोटाने टाइप करत. चाळीसेक गाणी झाली आणि मशीन रडतखडत चालू लागलं. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असायची, तेव्हा मी ते फॉरमॅट करायला बसले.

"गाणी काढून ठेवलीस ना?"

मी ऐटीत फ्लॉपी दाखवली.

बाबा स्टुलावर बसून, पूजा चालली असावी तसे, सरकणारे टक्के गप्प बघत होते. तापलेल्या मॉनिटरचा वास खोलीभर पसरला होता. विंडोज नव्याने सुरू झालं, मी फ्लॉपी घातली. आत नुसता शॉर्टकट. पडद्यावरचं चित्र तेवढं मी उचलून आणलं होतं. गाणी आतच राहिली आणि पुसली गेली.

बाबा स्टुलावरून उठले. मग चप्पल घालत म्हणाले, "चल एडवणला. आक्का हाय अजून."

आत्याने सगळं ऐकलं, मला समोर बसवलं. मी वही काढली तर म्हणाली, "लिवू नको. माज्या मागून बोल."

आता दोघंही नाहीत. चाळीसातली अकरा गाणी मला अजून येतात. त्या शुक्रवारी फाइल नीट कॉपी झाली असती, तर एकही आलं नसतं.