दुसऱ्यांदा वाचायची ओळ

ऑफिसात दादा सगळ्यांचाच दादा होता. त्यामुळे त्याची सख्खी बहीण तिथेच नोकरीला लागली, तेव्हा ती आपोआप सगळ्यांची धाकटी झाली. दादा गेल्यावरही ती धाकटीच राहिली, थोरलं कुणी उरलं नव्हतं तरी.

त्यांची कंपनी कॉम्प्युटरला जोडायची कार्डं बनवायची. आवाजाची, कॅमेऱ्याची, नेटवर्कची. प्रत्येक कार्ड चालवायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. मशीन झोपलं की कार्डाची वीज तोडायची, मशीन उठलं की कार्डाला उठवायचं, हे कामही ड्रायव्हरचंच. दादाने ते पहिल्यांदा लिहिलं. पुढच्यांनी त्याचंच उचललं आणि आपापल्या ड्रायव्हरमध्ये डकवलं. मग एखादी चूक सापडली की एका ठिकाणी दुरुस्त व्हायची, बाकी सगळीकडे ये रे माझ्या मागल्या.

दादा एका रविवारी दुपारच्या झोपेत गेला. आईने चहाला हाक मारली, तो "ऊं" म्हणाला, म्हणून ती आत वळली. परत आली तेव्हा चहा निवला होता आणि तोही.

वर्ष उलटल्यावर साहेबांनी धाकटीला बोलावलं.

"हे झोपवणं-उठवणं सगळं एका जागी आणू या. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये. मशीनचा सगळा कारभार तिथूनच चालतो, मग हाही तिथूनच चालू दे. एकदाच लिहायचं, ड्रायव्हरांनी तिथून घ्यायचं." ते जरा थांबले. "जमेल ना? दादाचं लिखाण आहे म्हणून विचारतो."

"कुणीतरी पुसणारच आहे, तर मीच पुसते."

ती एकेक फाइल उघडायची. प्रत्येकीत, पुढच्या वाचणाऱ्यासाठी टाकलेलं, दादाचंच वाक्य भेटायचं: 'इथे घाई नको.' ज्यांनी नक्कल केली त्यांनी हेही तसंच घेतलं होतं. ते खोडायचं, पुढची फाइल उघडायची, तर तिथे तो पुन्हा हजर. काही दिवसांनी फाइल उघडण्याआधीच तिला त्याचा आवाज यायला लागला.

एका ठिकाणी ती अडखळली. झोपण्याआधी ड्रायव्हर कार्डाला विचारतो, उठवायचा इशारा शिल्लक आहे का? वाचला की इशारा पुसला जातो. दादाने तो लागोपाठ दोनदा वाचला होता. डकवताना चुकून ओळ दोनदा पडली असेल, असं समजून तिने गाभ्यात एकदाच ठेवली.

चाचणीच्या दिवशी सगळे जेवायला गेले होते. तिने लॅबमधली मशीनं झोपवली. पंखे थांबले. खोली इतकी शांत झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. आणि कोपऱ्यातलं मशीन उठलं. कुणी हात लावला नव्हता. पडदा उजळला, पंखा घरघरला. तिने ते पुन्हा झोपवलं. ते पुन्हा उठलं.

लॅब सांभाळणारे काका डबा धुऊन आले, म्हणाले, "याला कुणीतरी झोपू देत नाहीये बुवा!" हसता हसता आपण कुणाशी बोलतोय ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते उगाच वायरी गुंडाळत बसले.

घरी सुट्टीच्या दिवशी ती जरा लवंडली की आई उशाशी येऊन उभी राहायची.

"अगं, झोपलीस?"

"झोपले होते."

"बरं बरं. झोप."

चाचणीच्या संध्याकाळी तिने आईला सांगितलं, एक मशीन काही केल्या झोपत नाही. आई चटकन म्हणाली, "मग नको ना झोपवूस त्याला."

दुसऱ्या दिवशी धाकटीने त्याच मशीनवर दादाचा जुना ड्रायव्हर चढवला. मशीन गपगार झोपलं. तिने दोन्ही लिखाणं शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून पाहिली. फरक निघाला तो त्या दुसऱ्या वाचनाचा. काही जुन्या कार्डांत एका इशाऱ्यामागे दुसरा दडलेला असायचा. पहिला पुसला की तो पुढे यायचा आणि झोपलेल्या मशीनला उठवायचा. दादाला ते ठाऊक होतं. का, ते मात्र त्याने कुठेच लिहिलं नव्हतं.

तो गेल्यापासून पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला. "एक ओळ लिहायला काय झालं होतं रे तुला?" रिकाम्या लॅबमध्ये ती मोठ्याने बोलली, आणि मग उत्तराची वाट पाहत राहिली.

दुसरं वाचन गाभ्यात गेलं, शेजारी कारण तिने स्वतः लिहिलं. सगळ्या ड्रायव्हरांतून दादा पुसला गेला. कोपऱ्यातलं मशीन झोपलं ते झोपलंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत होती. उठलं असतं, तर तिला चाललं असतं.

गाभ्यातल्या नव्या फाइलवर लेखक म्हणून तिने दादाचं नाव घातलं आणि खाली मेलचा पत्ता स्वतःचा दिला. हा गाभा जगात कुणालाही उघडून वाचता यायचा. मग कुठून कुठून अनोळखी लोकांचे दादाच्या नावाने मेल यायला लागले. सर, माझं मशीन असं करतंय, जरा बघाल का? पहिल्याला तिने कळवलं की ते आता नाहीत. त्या बिचाऱ्याने इतक्या वेळा माफी मागितली की तिलाच ओशाळल्यासारखं झालं. पुढच्यांना तिने तसं कळवलं नाही. विचारलं तेवढं सांगितलं.

बोलता बोलता हे एकदा तिच्या तोंडून आईसमोर निघून गेलं. तेव्हापासून ती घरी आली की आई विचारते, "आज कुणी विचारलं का त्याला काही?"

बहुतेक दिवशी कुणीच विचारलेलं नसतं.

"हो," धाकटी म्हणते. "एकाने विचारलं."

"मग दिलं त्याने उत्तर?"

"दिलं."

मग आई जेवायला बसते.