लहान्याच्या नावाचं पान

रानशेतजवळच्या पाड्यावरची रूपी कुणाला भिणारी नव्हती. चिकूच्या वाडीत मुकादमाने उगाच खोट काढली, तर भरलेली करंडी त्याच्याच पुढ्यात ओतून "आता तूच निवड" म्हणणारी बाई. पण दोन हजार अठराच्या जूनमध्ये एका छापील कागदाने तिला पार घायकुतीला आणलं.

कागद म्हणजे तलासरीच्या वसतिगृहाच्या प्रवेशाचा अर्ज होता. तिची भाची शितल दहावी पास झाली होती, पाड्यावरची पहिलीच मुलगी. शितलची आई, म्हणजे रूपीची धाकटी बहीण, पोर पाच वर्षांची असताना गेली. बाप लहान्या पुढच्या वर्षी गुजरातेत कामाला म्हणून निघाला, तो निघालाच. तेव्हापासून तापात उशाशी बसायला रूपी आणि शाळा बुडवली की कान उपटायलाही रूपीच. आता कागदावर पालकाच्या सहीची रेघ होती आणि बाप हयात असल्यामुळे मावशीचा अंगठा चालत नव्हता. नाहीतर पोलीस पाटलाचा दाखला आणा, मुलीला हीच सांभाळते असा. मुदत दोन दिवसांची. पालघर जिल्हा नवा झाला तेव्हा त्यालासुद्धा पालकमंत्री मिळाला होता. शितलला मात्र पालक सापडेना.

पाटील म्हणजे पाड्यावरचेच हाल्याकाका. रूपीला वाटलं, चहा संपेपर्यंत दाखला हातात पडेल.

"कसा देऊ?" हाल्याकाका म्हणाले. "सोमवारी गावदेवापुढं लहान्याचं पान कोणी ठेवलं?"

ते रूपीनेच ठेवलं होतं. पाड्याची रीतच तशी होती. पेरणीआधी गावदेवापुढे प्रत्येक घराचं एक पळसाचं पान ठेवायचं आणि पानावर घरातल्या माणशी एकेक मूठ तांदूळ. ज्या घराचं पान पडलं नाही, ते घर मोडलं असं धरत. लहान्या गेल्यापासून त्याचं पान रूपीच ठेवायची. आपल्या पानावर दोन मुठी, तिची आणि नवरा पांड्याची. लहान्याच्या पानावर दोन, त्याची आणि शितलची. बहिणीचं घर मोडू नये, उद्या पोरीचा बाप परत आला तर त्याला उंबरठा असावा, एवढंच तिच्या मनात. पांड्या चिडवायचा, "पळालेल्याला वाढते आणि मला उपाशी ठेवते." ती लक्ष द्यायची नाही.

"देवाला तूच सांगतेस, पोर लहान्याच्या घरची," हाल्याकाका म्हणाले. "आणि मी सरकारला लिहू, त्या घरात कोणी नाय? देवाला एक आणि सरकारला एक, असं मला नाय जमायचं."

"मग मी काय करू, काका?"

"चार माणसांपुढं सांग, लहान्या आता येत नाय. त्याचं पान उचल. मग लिहितो."

हाल्याकाका खडूस होते, पण खोटे नव्हते, म्हणून तर रूपीला त्यांच्याशी भांडता येईना. दहा वर्षं तिने पोरीला सांगितलं होतं, बापूस येईल. आता तिच्यादेखत उलट बोलायचं म्हणजे आपल्याच तोंडाने पोरीला पोरकं करायचं. त्या रात्री तिचा भात तसाच ताटात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शितलला घेऊन गावदेवापाशी गेली. पाटलांनी आठ-दहा माणसं जमवली होती. तांदूळ पाखरांनी केव्हाच वेचले होते, नुसती वाळकी पानं दगडाखाली दाबलेली होती. रूपी पुढे झाली. "लहान्या..." म्हणाली, आणि पानाकडे नेलेला हात तिने तसाच मागे घेतला. मुकादमाला गप्प करणारी बाई ती, पण तिला पुढचा शब्द सुचेना.

शितलने खाली वाकून बापाचं पान उचललं.

"तो येत नाय," ती म्हणाली. "मी बघितलाय त्याला. दोन वर्षं झाली, उंबरगावच्या बाजारात. कडेवर पोर होतं, बाजूला बाई. मला ओळखलं आणि दुसऱ्या गल्लीनं गेला."

"मला का नाय सांगितलंस?" रूपीने कसंबसं विचारलं.

"तू किती मनानं पान ठेवायचीस, मावशी. मला नाय सांगवलं."

रूपीला रडू आवरेना. चौदा वर्षांची पोर एवढं दुःख पोटात घालून दोन वर्षं तिला जपत होती, आणि ती आपली समजत होती की सांभाळणारी मीच. तिने पदराने नाक पुसलं.

"दोन वर्षांचे तांदूळ फुकट घालवलेस माझे," ती म्हणाली. माणसं हसली. हाल्याकाकांनी तिथेच मांडीवर कागद घेऊन दाखला लिहिला. मग शितलने अर्जाची ती रेघ दाखवली आणि रूपीने तिच्यावर अंगठा उठवला, जरा जास्तच दाबून.

परत येताना विहिरीपाशी आल्यावर शितल म्हणाली, "पुढल्या साली मी तलासरीला असेन. तरी तुझ्या पानावर माझी मूठ ठेवशील ना?"