सगळे पस्तिसाच्या वर

सीए फायनलच्या दुसऱ्या ग्रुपमध्ये मी चौथ्यांदा नापास झाले, त्या दिवशी आमच्या वस्तीत पेढे वाटले गेले. गंमत म्हणून सांगत नाही. पेढे माझ्या वडिलांनीच वाटले, आणि मी पास झाले याबद्दल त्यांच्या मनात तीळभरही शंका नव्हती.

पप्पा सोमाटण्याजवळच्या एका कंपनीत कामगार आहेत. शिक्षण सातवीपर्यंत. माझ्या दहावीपासूनच्या प्रत्येक हॉलतिकिटाचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. मी लोणावळ्याला एका सीएंच्या ऑफिसात काम करते. निकालाच्या दुपारी माझ्यासमोर साइट अडकून पडली होती आणि तिकडे कंपनीच्या कँटीनमध्ये पप्पांच्या कुणा मित्रानं माझा नंबर टाकून निकाल उघडलासुद्धा. तीन विषय, तीन आकडे. एकसष्ट, चव्वेचाळीस, बेचाळीस. पप्पांना एकच नियम ठाऊक, पस्तिसाला पास. आकड्यांच्या खाली इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचायची कुणाला गरजच वाटली नाही. शिफ्ट सुटल्यावर त्यांनी फाट्यावरून तीन किलो पेढे घेतले, गेटवर उभं राहून दुसऱ्या शिफ्टला वाटले आणि उरलेले मोटरसायकलला अडकवून बेडशाकडे घरी आणले.

सीएच्या परीक्षेत प्रत्येक विषयात चाळीस तर लागतातच, शिवाय ग्रुपच्या तिन्ही विषयांची बेरीज दीडशे व्हावी लागते. माझी झाली एकशे सत्तेचाळीस. मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन जुन्या फायलींच्या गठ्ठ्यावर बसले आणि रडले. दुःखानं नाही, संतापानं. माणसानं तीस मार्कांनी आपटावं, त्यात निदान काही इज्जत असते. तीन मार्क म्हणजे कुठल्यातरी उत्तरात गिळलेली एक ओळ. ती ओळ कुठली, हे मला जन्मात कळणार नव्हतं.

तेवढ्यात मावशीचा फोन. मी सीए झाले आणि तिला कळवलं नाही म्हणून ती रुसली होती. मला वाटलं, टोमणा मारतेय. मी फोन कापला. मग एकामागून एक फोन यायला लागले, तेव्हा कळलं की आपला बाप काय करून बसलाय.

घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग. आईनं मला ओवाळायला ताट तयार ठेवलं होतं. माणसं पांगेपर्यंत मी गप्प राहिले, हसलेही असेन. मग दार लावलं आणि सांगितलं की मी नापास झालेय.

"समदे पस्तिसाच्या वर हायेत," पप्पा म्हणाले. "मग नापास कशी?"

मी पेन्सिलीनं मांडून दाखवलं. त्यांनी स्वतः बेरीज केली. मग खालून वर केली. तिसऱ्यांदा करताना त्यांचा कागदावरचा हात थांबला आणि ते उठून मोरीत तोंड धुवायला गेले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. आपल्या नापास होण्यात आपल्यालाच बापाची समजूत काढावी लागते, हा कुठला न्याय?

आईचं मत सरळ होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हितं कुणाला कळतंय ग्रुप काय नि बेरीज काय. परत बसायचं तर गुपचूप बस, नसेल बसायचं तर नको बसू. पप्पांनाही तेच हवं होतं हे मला दिसत होतं. सगळ्या शिफ्टला परत जाऊन काय सांगायचं त्यांनी?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. तळेगावला ते नवीन ऑफिस उघडत होते. ते मी सांभाळावं. सही त्यांची, काम माझं. नाहीतरी गेली तीन वर्षं तेच चाललंय, असं ते हसत म्हणाले. सीए व्हायलाच हवं असं थोडंच आहे, चार वेळा डोकं आपटलंस, आता पुरे. सर वाईट माणूस नाहीत. म्हणूनच ते बोलणं जास्त लागलं. मी विचार करून सांगते म्हणाले.

आणि खोटं कशाला सांगू, मी खरंच विचार केला. दोन-तीन दिवस मला ते सगळं आवडलं. कामशेतला सहाआसनी रिक्षात बसले की बाया सरकून जागा द्यायच्या. शेजारची म्हातारी जमिनीची नोटीस घेऊन आली आणि 'तुमी' म्हणाली, जिनं मला लहानपणी चिंचा चोरताना धरून बडवलं होतं. तळेगावच्या ऑफिसात बसायचं, गावानं सीए म्हणायचं, आणि पुन्हा कधी त्या हॉलमध्ये जायचं नाही. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायला आठवडाभराची मुदत होती. ती नुसती जाऊ द्यायची, की झालं. आयत्या बिळावर नागोबा व्हायला किती कमी कष्ट पडतात, ते मला त्या दिवसांत कळलं.

मग चौथ्या दिवशी आबा आले. आबा म्हणजे आमच्या विहाराच्या समितीतले म्हातारे, रेल्वेत गँगमन होते. विहारात आत गेलं की डाव्या भिंतीवर एक हिरवा फळा आहे. वस्तीतल्या पहिल्या मॅट्रिकपासून शिकलेल्या प्रत्येकाचं नाव त्यावर ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे आणि नावापुढे शिक्षण. आयटीआय फिटर, डीएड, बीएस्सी नर्सिंग. दर जयंतीला त्या वर्षीची नावं लिहायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची, ही आमची रीत. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या पडवीत बसवलं होतं, त्यांची नातवंडं त्या फळ्यावर आहेत. आम्ही पोरं त्याच फळ्यावर वाचायला शिकलो.

आबांनी त्या वर्षीच्या नावांची वही उघडून माझ्यापुढे धरली. माझ्या नावापुढे रिकामी जागा होती. इंग्रजी अक्षरं चुकायला नकोत, म्हणून मीच लिहावं असं त्यांचं म्हणणं. पेंटरला उद्या बोलावलं होतं. पप्पा खाटेवर बसले होते, मान खाली. आई चहाचं पातेलं धरून तशीच उभी.

दोन अक्षरं लिहायची होती. मला त्या क्षणी भयंकर राग आला. पप्पांचा नाही, आबांचा नाही. माझाच. सहा वर्षं ज्या दोन अक्षरांसाठी मी एकही लग्न धड जेवले नाही, ती अशी फुकट घ्यायची? आणि त्या नर्सिंगच्या खाली, त्या डीएडच्या खाली, ज्यांनी त्यांची अक्षरं खरोखर मिळवली? मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'सीए फायनल, दुसरा ग्रुप, नापास.' मोठ्या अक्षरात, मराठीत.

आबांनी चष्मा वर करून वाचलं. पप्पांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"नापासाचं नाव लावीत न्हाई आपण फळ्यावर," ते म्हणाले.

"लावू नका. जागा सोडून ठेवा."

"कवर?"

"मी पास होईपर्यंत."

आबा वही मिटून उठले. पडली तरी नाक वर हाय पोरीचं, असं जाता जाता आईला म्हणाले. रागानं म्हणाले की कौतुकानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. हात दाखवून अवलक्षण, असं आई मात्र संध्याकाळपर्यंत पुटपुटत होती. दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की तळेगाव नको, मला परीक्षेपर्यंत सुट्टी हवी. त्यांनी बिनपगारी दिली आणि तळेगावचं ऑफिस माझ्या मागून आलेल्या मुलाला. मी बरं म्हणाले.

एवढी मिजास केल्यावर मी घरी येऊन फॉर्म भरायला हवा होता. नाही भरला. लॅपटॉप उघडायचा, पानाकडे बघायचं, मिटायचा. तीन दिवस हेच. आधी नापास झाले तर चार भिंतींत व्हायचे. आता पाचव्यांदा झाले असते तर अख्ख्या वस्तीसमोर झाले असते, आणि ते माझ्याच तोंडामुळे. मला भीती वाटत होती. ती आजवर कुणाला सांगितली नव्हती, आता लिहून टाकते.

पप्पा तर आबा गेल्यापासून माझ्याशी बोललेच नव्हते. मुदत संपायच्या दिवशी ते पहिली शिफ्ट करून आले. युनिफॉर्म न बदलता तसेच माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"सांगितलं समद्यांना," ते म्हणाले. "गेटवर हुबा ऱ्हाऊन. पोरगी नापास हाय म्हनलं, मलाच कळलं न्हाई."

"काय म्हणाले?"

"हसले लय. हसनारच की. मग एक जन म्हनला, आता सोडली आसंल परीक्षा. मी म्हनलं, सोडतीय कशाला, फॉर्म भरला तिनं."

मी लॅपटॉपकडे बघितलं. "पप्पा, नाही भरलेला."

पप्पांनी हात लांब करून लॅपटॉप माझ्या मांडीवर सरकवला.

"मग भर. येका म्हयन्यात दोनदा खोटा पडनार न्हाई मी."