‘भिडस्त’चं वाक्य

माझी आत्या शब्दकोशाच्या कचेरीत कार्डं लिहायची. एका कार्डावर एक शब्द: त्याचा अर्थ, मूळ आणि वापराचं एक वाक्य. वाक्यं ती बिनदिक्कत घरातूनच उचलायची. ‘घोरणे’खाली बाबा, ‘तिरसट’खाली अर्थातच मी! भांडायला गेलं की म्हणायची, “अगं, नाव कुठं घातलंय तुझं?”

माझ्या परीक्षेसाठी बाबांनी तिची खोली मागितली, महिनाभरापुरती. “घ्या की,” म्हणाली आणि खाट घेऊन पॅसेजमध्ये गेली. परीक्षा झाली, नोकरीसुद्धा लागली, सात वर्षं झाली तरी मी खोलीतच. येता-जाता आम्ही तिच्या खाटेला अडखळायचो आणि सॉरी तीच म्हणायची. मला कधी काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

मग तिच्या वाट्याला ‘भिडस्त’ आला. अर्थ सोपा, समोरच्याला नाही म्हणता न येणारा. मुळापाशी मात्र ती रमली. जेवताना म्हणाली, “भीड म्हणजे आधी दाटी, गर्दी. गर्दीत माणूस कसा अंग चोरून उभा राहतो? तसंच हे. फक्त गर्दी दिसत नाही.”

“बरं बाई, मीठ दे,” मी म्हणाले.

वाक्य काही जमेना. संपादकांनी कार्ड दोनदा परत पाठवलं, उदाहरण पुस्तकी वाटतं म्हणून. तिसऱ्या खेपेला तिला ताप होता, तेव्हा कार्ड पोचवायला माझ्याकडे दिलं. मी बसमध्ये वाचलं.

‘ती इतकी भिडस्त, की सात वर्षं पॅसेजमध्ये झोपली, पण स्वतःची खोली परत मागितली नाही.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्ड कचेरीत दिलं, ऑफिसला दांडी मारली आणि तडक घर गाठलं.

“सरळ सांगायला काय झालं होतं गं तुला?” मी तिच्यावरच ओरडले. खरं तर राग माझा मलाच येत होता.

“अगं, ते नुसतं उदाहरण आहे,” ती घाबरून उठून बसली. “मनाला लावून घेऊ नकोस. राहा तू तिथं.”

मी काही ऐकलं नाही. माझं कपाट रिकामं केलं, पुस्तकं बाहेर काढली, बाबांना हाताशी घेऊन तिची खाट खिडकीशी लावली. चादर खोचत होते, तेवढ्यात उघड्याच दारावर टकटक झाली. आत्या उशी पोटाशी धरून बाहेर उभी होती.

“आत येऊ का गं?” तिनं विचारलं.